नऊ घरे आणि बदल्यांचे दप्तर

महसूल खात्यात तेहतीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला अमेरिकेतल्या बेसबॉलची कोडी सोडवण्याचा नाद लागावा, आणि वर त्याने त्या नादाविषयी इतरांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, हे माझ्या समवयस्कांना विक्षिप्तपणाचे वाटेल याची मला पुरती जाणीव आहे. परंतु न्यू जर्सीतल्या मुलाच्या घरी काढलेल्या दोन हिवाळ्यांत, बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात शाळेला सुट्टी असलेल्या नातवाखेरीज बोलायला कोणी नाही अशा अवस्थेत, ज्या खेळाने माझ्या सकाळी सत्कारणी लावल्या त्याचे ऋण अंशतः तरी फेडावे, आणि लेकाबाळांच्या निमित्ताने तिकडे सहा-सहा महिने मुक्काम ठोकणाऱ्या आपल्यातल्या मंडळींच्याही ते उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच आहे. ज्यांना बेसबॉलमधला पिचर कोण आणि कॅचर कोण एवढेही ठाऊक नाही, त्यांनी आधी एखादा सामना जाणकार माणसाच्या शेजारी बसून पाहावा. तेवढे भांडवल सुरुवातीला पुरते.

खेळाचे नाव इमॅक्युलेट ग्रिड. ॲटलांटा येथील ब्रायन मिंटर या संगणक-अभियंत्याने २०२३ च्या वसंतात तो निर्माण केला, आणि बेसबॉलच्या आकडेवारीचे अवाढव्य दप्तर सांभाळणाऱ्या स्पोर्ट्स रेफरन्स या संस्थेने त्याच वर्षीच्या जुलैत तो आपल्याकडे घेतला. तीन आडव्या ओळी, तीन उभ्या ओळी, अशी नऊ घरे रोज नव्याने मांडलेली असतात. प्रत्येक ओळीच्या माथ्यावर एखाद्या संघाचे नाव किंवा एखादी कामगिरी लिहिलेली असते, आणि दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात त्या घरात दोन्ही अटी पुऱ्या करणारा खेळाडू बसवायचा असतो. घरे नऊ, संधीही नऊच. उत्तर चुकले की एक संधी कायमची बुडाली आणि एक घर रिकामे राहणार हे ठरले. शिवाय एकदा बसवलेला खेळाडू त्या दिवशी दुसऱ्या घरात चालत नाही. पिचरने एकही चेंडू वाया न घालवता नेमक्या नऊ चेंडूंत तीन बॅटर स्ट्राइकआउट केले तर त्या डावाला 'इमॅक्युलेट', म्हणजे निष्कलंक, म्हणण्याचा तिकडे प्रघात आहे. त्यावरून हे नाव.

इथवर खेळ साधा आहे, आणि साधाच राहिला असता तर नातवाच्या शाळेची सुट्टी संपताच माझाही नाद संपला असता. खरी मेख गुणांकनात आहे. आपण दिलेले उत्तर त्या घरासाठी त्या दिवशी शेकडा किती लोकांनी दिले, तो आकडा त्या घरात उमटतो. नऊ घरांच्या आकड्यांची बेरीज हा आपला दुर्मीळतेचा गुणांक, आणि तो जितका कमी तितके श्रेय अधिक. रिकाम्या घराला पुरते शंभर धरले जातात. म्हणजे सर्वांना ठाऊक असलेला नामांकित खेळाडू अचूक लिहूनही आपण दरिद्रीच ठरतो, आणि ज्याचे नाव त्याच्या गावकऱ्यांखेरीज कोणाच्या स्मरणात उरले नाही असा एखादा राखीव कॅचर आपल्याला श्रीमंत करून जातो. कीर्तिमंतांचे मोल घसरावे आणि विस्मृतांचे चढावे असा बाजार अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही.

आता मार्गदर्शनाकडे वळतो. नवशिके या खेळाची तयारी म्हणून बेसबॉलच्या कीर्तिमंदिरातल्या, म्हणजे 'हॉल ऑफ फेम'मधल्या, खेळाडूंची चरित्रे वाचू लागतात. हा मार्ग सरळ असला तरी चुकीचा आहे. नऊ घरांपैकी बहुतेक घरे दोन संघांच्या छेदनबिंदूवर असतात, आणि तिथे खेळाडू किती मोठा होता हे कोणी विचारीत नाही, तो या कचेरीतून त्या कचेरीत बदलून गेला होता काय एवढेच विचारतात. पराक्रमाच्या बखरी बाजूला ठेवून बदल्यांचे दप्तर वाचावे, हे माझे सांगणे. आणि ज्याने आयुष्यभर आवक-जावक बारनिशी लिहिली त्याला हे सांगण्याचा थोडासा अधिकार आहे असे मी समजतो.

एक उदाहरण जवळून पाहू. एके सकाळी मेट्स आणि रेड्स या दोन संघांचे घर आले. मी आनंदाने टॉम सीव्हर हे नाव घालणार, तोच नातू म्हणाला, "आजोबा, सीव्हर नको, सीव्हर सगळेच लिहितात." त्याचे म्हणणे रास्त होते. १५ जून ही त्या काळी खेळाडूंच्या अदलाबदलीची अखेरची तारीख असे, आणि १९७७ मध्ये त्या रात्री न्यूयॉर्कच्या मेट्सनी आपला सर्वांत लाडका पिचर सीव्हर सिनसिनाटीच्या रेड्सना देऊन टाकला, ही हकिकत तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण देऊन टाकला तो कोणाच्या बदल्यात, हे विचारले की भलेभले गप्प होतात. पॅट झॅक्री, डग फ्लिन, स्टीव्ह हेंडरसन आणि डॅन नॉर्मन असे चौघे मोबदल्यात आले. मोठ्या माणसाच्या बदलीच्या हुकुमात तळाशी जी चार नावे बारीक अक्षरात असतात, ती पाठ करावीत. हा धडा मी त्या सकाळी गिरवला आणि सीव्हरच्या जागी हेंडरसनला बसवून मोकळा झालो.

घर तांबडे झाले. संधी गेली. कारण काय, तर हेंडरसन आणि नॉर्मन हे दोघे रेड्सच्या मालकीचे असले तरी तोवर दुय्यम संघांतूनच खेळत होते. रेड्सच्या मुख्य संघातून ते एकही सामना खेळले नव्हते, आणि दोघांचेही पदार्पण मेट्सकडे आल्यावर झाले. झॅक्री आणि फ्लिन मात्र सिनसिनाटीत रीतसर खेळलेले. त्यातला झॅक्री तर १९७६ चा सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून निम्म्या मानाचा वाटेकरीही होता. नियुक्तीचा आदेश निघणे निराळे आणि माणूस रुजू होणे निराळे, हा भेद मी हाताखालच्या किती उमेदवारांना कानीकपाळी ओरडून शिकवला असेल. आणि तोच भेद सातासमुद्रापलीकडे मी स्वतः विसरलो.

त्याच रात्रीच्या दप्तरात आणखी किती ऐवज दडलेला आहे पाहा. मेट्सनी डेव्ह किंगमन या धिप्पाड बॅटरला सॅन डिएगोच्या पाद्रेस संघाकडे रवाना केले आणि त्याच्या मोबदल्यात बॉबी व्हॅलेंटाइन आणि पॉल सीबर्ट हे दोघे घेतले. मेट्स-पाद्रेस असे घर आले की सीबर्टसारखे नाव क्वचितच कोणाला सुचते. किंगमन बापडा त्या एका वर्षात मेट्स, पाद्रेस, एंजल्स आणि यँकीज अशा चार संघांच्या हजेरीपत्रकांवर चढला, त्यामुळे त्या चारांतल्या कोणत्याही दोन संघांच्या घरात तो चालतो. आणि त्याच दिवशी माइक फिलिप्स नावाचा साधासुधा इनफिल्डर सेंट लुइसच्या कार्डिनल्सकडे गेला, त्याच्या बदल्यात जोएल यंगब्लड मेट्सकडे आला. हा यंगब्लड आपण लक्षात ठेवावा. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे. एका तारखेचा असा सखोल अभ्यास केला की डझनभर घरांची तरतूद होते, आणि वरवर वाचलेल्या शंभर चरित्रांतून ती होत नाही.

रुजू होण्याचा नियम जिथे हटकून फसवतो अशा दोन जागा इथेच सांगून टाकतो. १९६२ साली हॅरी चिटी नावाचा कॅचर क्लीव्हलंडकडून मेट्सकडे गेला, मोबदल्यात 'नंतर नाव कळवण्यात येईल असा एक खेळाडू' ठरला, आणि दीड-दोन महिन्यांनी मेट्सनी जे नाव कळवले ते चिटीचेच होते. स्वतःच्याच बदल्यात स्वतः परत गेलेला हा गृहस्थ इतका गमतीदार आहे की मेट्स-क्लीव्हलंड घरात त्याला बसवण्याचा मोह कोणालाही होईल, पण क्लीव्हलंडकडून तो मुख्य संघात कधी खेळलाच नाही, तेव्हा तो मोह आवरावा. दुसरी जागा व्यवस्थापकांची. फ्रँक रॉबिन्सन ओरिओल्सचा थोर खेळाडू, आणि पुढे माँट्रियल-वॉशिंग्टन संघाचा व्यवस्थापक. परंतु व्यवस्थापकी ही खेळाडूच्या सेवापुस्तकात धरली जात नाही. ओरिओल्स आणि माँट्रियल-वॉशिंग्टन अशा घरासाठी डेव्ह मॅकनॅली किंवा केन सिंगलटन ही नावे योग्य: मॅकनॅली ओरिओल्सकडे बारा-तेरा वर्षे काढून १९७५ च्या मोसमासाठी माँट्रियलला गेला, आणि ज्या अदलाबदलीत तो गेला तिच्यातच सिंगलटन उलट दिशेने आला.

आता माँट्रियल-वॉशिंग्टन असा जोडशब्द मी का वापरला, हे ज्यांना कळले नसेल त्यांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. या खेळात संघाचे नाव म्हणजे केवळ आजचे नाव नव्हे, तर त्याची सबंध वंशावळ. आजचे वॉशिंग्टन नॅशनल्स हे २००४ पर्यंत माँट्रियल एक्स्पोज होते. आजचे ओरिओल्स १९५३ पर्यंत सेंट लुइसचे ब्राउन्स होते. ब्रेव्हज बॉस्टनहून मिलवॉकीला आणि तिथून ॲटलांटाला गेले. अॅथलेटिक्सनी फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी आणि ओकलंड अशी तीन बिऱ्हाडे केली आणि आता चौथ्याच्या वाटेवर आहेत. क्लीव्हलंडने गाव न सोडता २०२२ पासून फक्त नाव बदलले. सर्वांत दगाबाज प्रकरण वॉशिंग्टन सेनेटर्स या नावाचे. त्या नावाचे दोन स्वतंत्र संघ होऊन गेले. पहिला १९६० नंतर मिनेसोटात जाऊन ट्विन्स झाला, दुसरा १९६१ मध्ये जन्मून १९७१ नंतर टेक्ससमध्ये रेंजर्स झाला. तेव्हा 'सेनेटर्सचा पिचर' एवढे आठवून भागत नाही, साल कोणते हे आठवावे लागते. सातबाऱ्यावरचे नाव आणि फेरफाराची नोंद ताडून पाहिल्याशिवाय जमिनीचा मालक सांगू नये, तसेच हे.

वंशावळीचा फायदा असा की जुन्या, धूळ बसलेल्या गठ्ठ्यांतली माणसे आजच्या संघांच्या नावावर चालतात, आणि तिकडे हे कोडे सोडवणाऱ्या तरुणांचे लक्ष सहसा जात नाही. यँकीज आणि अॅथलेटिक्स असे घर आले की लोक अलीकडची नावे शोधतात. मी कॅन्सस सिटीकडे वळतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅन्सस सिटीचे अॅथलेटिक्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज यांच्यात खेळाडूंची इतकी ये-जा चालली होती की कॅन्सस सिटी ही यँकीजची तालुका कचेरीच आहे असे लोक उघड म्हणत. डिसेंबर १९५९ मध्ये रॉजर मॅरिस त्याच वाटेने यँकीजकडे गेला, आणि दोन वर्षांत त्याने ६१ होमरनांचा विक्रम केला. मॅरिस अर्थातच लिहू नये. त्याच हुकुमात त्याच्याबरोबर केंट हॅडली नावाचा पहिल्या बेसवरचा खेळाडू गेला होता, जो यँकीजकडे एकच मोसम टिकला. हॅडलीने मला जे समाधान दिले ते मॅरिसने कधी दिले नसते.

नव्या संघांच्या बाबतीत युक्ती निराळी. १९६० पर्यंत संघ सोळाच होते. मग १९६१, १९६२, १९६९, १९७७, १९९३ आणि १९९८ अशा टप्प्यांनी ते तीस झाले. प्रत्येक नवा संघ पहिल्या वर्षी जुन्या संघांनी नको म्हटलेल्या माणसांतूनच उभा करावा लागे. म्हणून नव्या संघाचे पहिले हजेरीपत्रक हे दुर्मीळ उत्तरांचे भांडार असते. १९६२ च्या मेट्सनी निकाल लागलेल्या १६० सामन्यांपैकी १२० गमावले. पण त्या पराभूत मंडळीत डॉजर्सहून आलेला रॉजर क्रेग आहे, कॅन्सस सिटी आणि बाल्टिमोर करून आलेला मार्व्ह थ्रोनबेरी आहे, आणि बॉब मिलर तर एक सोडून दोन आहेत. दोघेही पिचर, एक उजवा, एक डावखुरा. उजवा मिलर एकूण दहा संघ हिंडला. डावखुऱ्याचा प्रवास डेट्रॉइट, सिनसिनाटी आणि मेट्स एवढ्यावर आटोपला. उत्तर लिहिताना नावापुढे कारकिर्दीची साले दिसतात, ती न वाचता घाईने बोट टेकवले तर भलताच मिलर घरात बसतो. फ्रँक थॉमसचेही तसेच: एक शिकागोच्या व्हाइट सॉक्सचा, कीर्तिमंदिरातला, दुसरा १९५१ ते १९६६ या काळात पायरेट्स, रेड्स, कब्ज, ब्रेव्हज, मेट्स, फिलीज आणि अॅस्ट्रोज एवढे संघ पायाखाली घातलेला. या खेळापुरता दुसराच थोर म्हणावा.

१९७५ नंतरच्या काळाविषयी फार लिहीत नाही. वर आलेला मॅकनॅली आणि अँडी मेसरस्मिथ यांच्या तक्रारीवर त्या वर्षाच्या डिसेंबरात लवादाचा निवाडा झाला, खेळाडूला एकाच मालकाशी जखडून ठेवणारे जुने कलम निकामी ठरले, आणि तेव्हापासून माणसे मुदत संपताच स्वखुशीने संघ बदलू लागली. त्यामुळे अलीकडची उत्तरे सोपी, आणि सोपी म्हणून स्वस्त.

ज्या ओळीच्या माथ्यावर कामगिरी लिहिलेली असते तिथे आणखी एक भेद पाळावा. 'एका मोसमात ४० होमरन' अशा प्रकारची अट असेल तर ती कामगिरी त्याच संघाकडून झालेली असावी लागते; पण 'सबंध कारकिर्दीत ३०० विजय' अशी अट असेल, तर त्या संघाकडून एक सामना खेळणेही पुरे होते. या सवलतीमुळे उतारवयातले तारे फार कामाला येतात. ३२९ विजयांचा स्टीव्ह कार्लटन म्हटला की फिलाडेल्फिया डोळ्यांसमोर येते. परंतु १९८६ ते १९८८ या तीन वर्षांत, हात थकला असूनही निवृत्तीचा कागद न घेता, तो जायंट्स, व्हाइट सॉक्स, क्लीव्हलंड आणि ट्विन्स या चार दारांत उभा राहिला. त्या काळी ते पाहून त्याच्या चाहत्यांना क्लेश झाले असतील. आज ३०० विजय आणि व्हाइट सॉक्स या घरात तो आपली लाज राखतो. गेलॉर्ड पेरीने शेवटचे काही महिने १९८३ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडे काढले, तेही असेच उपयोगी.

घरे भरण्याचा क्रम मी असा ठेवतो. आधी सगळी नऊ घरे नुसती वाचतो, पेन्सिलीने कागदावर आराखडा काढतो, आणि जे घर सर्वांत अवघड तेच पहिल्याने भरतो. ज्यांना अनेक संघांची मुभा आहे असे फिरस्ते राखीव ठेवतो, कारण ऐन वेळी अडलेले घर तेच सोडवतात. एडविन जॅक्सन चौदा संघांतून खेळला, आणि २०२५ मध्ये रिच हिलने त्याची बरोबरी केली. पण ही दोन नावे आता इतकी माहितीची झाली आहेत की त्यांच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे गुणांक फुगवणे. माझी भिस्त डिक लिटलफील्डवर. १९५० ते १९५८ या नऊ वर्षांत हा डावखुरा पिचर आजच्या हिशेबाने नऊ संघांकडे पाठवला गेला. शिवाय डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सनला जायंट्सकडे देण्याचे ठरवले तेव्हा मोबदल्यात काही रोख रक्कम आणि हाच लिटलफील्ड ठरला होता. रॉबिन्सनने निवृत्ती पत्करली, हुकूम रद्द झाला, दोघांपैकी कोणीही रुजू झाले नाही. म्हणून डॉजर्सच्या ओळीत लिटलफील्ड नाही आणि जायंट्सच्या ओळीत रॉबिन्सन नाही. त्याच पंगतीतला बोबो न्यूसम: २११ विजय, २२२ पराभव, आणि वॉशिंग्टनच्या सेनेटर्सकडे पाच वेगवेगळ्या खेपांना हजर झालेला. एकाच तालुक्यात पाचदा बदलून आलेला अव्वल कारकून आमच्या जिल्ह्यातही एक होता. त्याची खुर्ची कोणी हलवीत नसे.

उत्तरे आधी दप्तरात पाहून मग घरे भरणारे लोक आहेत. त्यांना अडवणारे कोणी नाही आणि त्यांच्याशी मला बोलायचे नाही. दप्तर उघडावे ते नववे घर भरल्यानंतर, आणि मग मात्र निवांत, चहाचा दुसरा कप घेऊन: ज्या घरात आपण अडलो तिथे कोण कोण चालले असते ते पाहावे, त्यातले एकच नाव निवडून त्याचे सेवापुस्तक पहिल्या पानापासून वाचावे, आणि वहीत संघांच्या जोडीखाली टिपून ठेवावे. माझी अशी दोनशे पानी वही भरत आली आहे.

परवा सकाळी मेट्स आणि नॅशनल्स असे शेवटचे घर उरले होते, आणि राखून ठेवलेला यंगब्लड मी तिथे बसवला. नातवाने सवयीने विचारले की हा कोण, तेव्हा त्याला ४ ऑगस्ट १९८२ ची हकिकत सांगितली: दुपारी शिकागोत मेट्सकडून खेळताना यंगब्लडने फर्ग्युसन जेन्किन्सच्या चेंडूवर हिट मारली, सामना चालू असतानाच त्याला बाहेर बोलावून माँट्रियलला बदली झाल्याचे कळवण्यात आले, तो विमानाने फिलाडेल्फियाला गेला, तिथे रात्रीच्या सामन्यात एक्स्पोजकडून मैदानात उतरला, आणि त्याने स्टीव्ह कार्लटनच्या चेंडूवर हिट मारली. एका दिवसात दोन गावे, दोन संघ, दोन हिट, आणि समोरचे दोन्ही पिचर कीर्तिमंदिरातले. "मग आजोबा, त्या दिवसाचा पगार त्याला कोणी दिला?" असे नातवाने विचारले, आणि मी तासभर त्यावर विचार करीत राहिलो. आमच्याकडे कार्यभार सोपवण्याच्या नमुन्यात तारखेपुढे 'मध्यान्हपूर्व' की 'मध्यान्होत्तर' हे लिहावे लागते, त्यावरून असले वाद सुटत. पण शिकागोतला तो सामनाही दुपारचाच, तेव्हा यंगब्लडच्या कागदावर दोन्ही कचेऱ्यांना 'मध्यान्होत्तर' असाच शेरा मारावा लागला असता.